इंगेलची मुकी मावशी

माझी सासू इंगेल हाबसार बेटावर जन्मली, बेटावरच तिचं लग्न झालं आणि बेटावरच ती म्हातारी झाली. मोठ्या बेटावरच्या बाजाराला ती वर्षातून एखाददुसऱ्या वेळी जायची आणि परत आली की म्हणायची, तिकडची माणसं उगाच घाईत चालतात. मी स्वतः त्या मोठ्या बेटावरची. तरुणपणी लग्न करून इथं आले, आता माझे गुडघे दुखतात, तरी गावातल्या म्हाताऱ्या मला अजून ‘तिकडची हेल्मी’च म्हणतात. इंगेलची गोष्ट सांगायचा हक्क मला कितपत आहे कोण जाणे. ज्यांना होता ती सगळी आता चर्चमागच्या मातीत आहेत, म्हणून मीच सांगते.

आमचं गाव उत्तरेच्या किनाऱ्याला आणि जमीनदाराची हवेली बेटाच्या मधोमध. मध्ये गवताळ माळ आणि जुनिपरची काटेरी झुडपं. हवेली चुनखडीच्या दगडाची, दुमजली, समोर उंच झाडांची दुहेरी रांग. ती जर्मन मालकांनी बांधली असं म्हणायची पद्धत आहे. दगड मात्र गावातल्या माणसांनी वाहिले, हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावरून, घसरगाड्यांवर घालून. त्यातली एक गाडी बर्फ फुटून माणसा-बैलांसकट खाली गेली. त्या जागेला आम्ही अजून बैलांची खाडी म्हणतो. हवेलीच्या तबेल्यापाशी एक सपाट धोंडा होता. त्यावर माणसाला पालथं घालून फटके मारायचे. कायद्यानं ते बंद झालं होतं, पण कायदा आमच्या बेटावर उशिरा पोचायचा. इंगेलचा शेजारी वासेल याच्या बापानं वाऱ्यानं पडलेली एक फांदी सरपणाला घरी नेली, तेव्हा त्याला त्या धोंड्यावर झोपवलं होतं. असलं काही असलं की सगळ्या गावाला बघायला बोलवायचे. वासेल तेव्हा लहान होता, त्यानंही ते पाहिलं.

इंगेलची आई हवेलीच्या गोठ्यात धारा काढायची. इंगेल जरा मोठी झाल्यावर तिला हवेलीतल्या शेगड्या पेटवायच्या कामाला लावलं. भिंतीला लागून छतापर्यंत गेलेल्या, पांढऱ्या फरशांच्या त्या शेगड्या. पहाटे सगळे झोपेत असताना तिनं आवाज न करता खोल्याखोल्यांतून फिरायचं, राख काढायची, लाकडं रचायची, आणि मालक मंडळी उठायच्या आत घर उबदार करून ठेवायचं. मालकांची एक अविवाहित बहीण होती, ओटिलिए. गावात तिला सगळे प्रैली म्हणत, म्हणजे हवेलीतली कुमारी बाईसाहेब. उंच, ताठ, बोलायला कडक. इंगेलच्या हातून एकदा तिच्या गालिच्यावर राख सांडली, तर प्रैलीनं तिचं दिवसभराचं जेवण बंद केलं. पुढं जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं, की प्रैलीनं कधीतरी इंगेलवर उपकार केले असणार. तसं काही नव्हतं. इंगेलला मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, एकदा ख्रिसमसला मोजे दिले होते, तेही घट्ट झाले.

पहिलं महायुद्ध संपलं, आमचा देश स्वतंत्र झाला, आणि जमीनदारांच्या जमिनी सरकारनं कुळांना वाटून टाकल्या. मालक त्याआधीच बायकामुलांना घेऊन जर्मनीला निघून गेले होते. प्रैली गेली नाही. सरकारनं तिला वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि बागेचा एक पट्टा ठेवू दिला. खालच्या मजल्यावर शाळा सुरू झाली. इंगेलचं तोवर प्रीदूशी लग्न झालं होतं. प्रीदू कोळी, कमी बोलणारा. त्यांना हवेलीच्या फळबागेला लागून जमिनीचा तुकडा मिळाला आणि इंगेलला शाळेच्या शेगड्या पेटवायचं काम मिळालं. म्हणजे तीच पहाट, तीच राख. फरक इतकाच, की आता तिला पगार देणारं सरकार होतं आणि वर दोन खोल्यांत एक बाई एकटी राहत होती. त्या खोल्यांची शेगडीही इंगेल पेटवून यायची. ते तिच्या कामात धरलेलं नव्हतं. शाळेतल्या मुलांना वरून कधीकधी पियानो ऐकू यायचा, मग तो पियानोही विकला गेला.

अशी वीसेक वर्षं गेली. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं, आणि जर्मनीनं आमच्याकडच्या सगळ्या जर्मनांना बोलावणं धाडलं, की घरी परत या. मोठ्या बेटाच्या बंदरात जहाज लागलं. प्रैलीला तिथवर पोचवायचं काम प्रीदूकडे आलं. शरद ऋतूतल्या एका सकाळी ती टोपी घालून, हातमोजे घालून, एक पेटी घेऊन धक्क्यावर आली. प्रीदूनं होडी तयार ठेवली होती. ती पेटीवर बसली. बराच वेळ बसूनच राहिली. प्रीदूनं एकदा वाऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“प्रीदू,” ती म्हणाली, “ते म्हणतात घरी चला. मी त्या देशात आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. माझं घर ते तिकडे, झाडांवरून धुराडं दिसतंय ते.”

प्रीदूनं पेटी खांद्यावर घेतली आणि तिच्या पुढं चालत परत हवेलीकडे आला. दुसऱ्या दिवशी एकटाच बंदरात जाऊन त्यानं सांगितलं, की बाईसाहेबांना सोडलं जहाजावर. तिथं इतकी गर्दी आणि इतकी रडारड होती, की कुणी तपासलं नाही. सरकारदरबारी प्रैली त्या दिवशी देश सोडून गेली.

घरी इंगेलनं नवऱ्याला धारेवर धरलं, आता हिचं करायचं काय म्हणून. प्रीदू म्हणाला, आजवर राहतच होती की.

पण पुढच्याच उन्हाळ्यात रशियन आले. त्यांनी देश गिळला आणि बेटावर तोफा बसवायला सैनिक पाठवले. हवेलीतून शाळा उठली, तिथं सैनिक राहायला आले. जमीनदारांच्या घरातलं कुणी सापडलं तर त्याची रवानगी सैबेरियात, आणि लपवणाऱ्याचीही, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या दिवशी सैनिकांच्या नावा दिसल्या त्याच दिवशी इंगेलनं प्रैलीला मागच्या दारानं आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. तिची टोपी काढून चुलीत घातली, डोक्याला आपला रुमाल बांधला.

“बाईसाहेब, आजपासून तुम्ही माझ्या मावशी. दूरच्या बेटावरून आलेल्या. नाव मादली. मुक्या आणि बहिऱ्या. आणि मी तुम्हाला अगंतुगं करणार, मावशीला कुणी अहोजाहो करत नाही.”

प्रैलीनं रुमालाची गाठ नीट केली. “मुकी का ते समजलं. माझ्या बोलण्यात जर्मन हेल आहे. पण बहिरी कशाला?”

“तुम्हाला ऐकू आलं की तुम्ही उत्तर देता,” इंगेल म्हणाली.

हे गावाला फोडून सांगायची वेळ आलीच नाही. विहिरीवर इंगेलनं एवढंच म्हटलं, की माझी मावशी आलीय राहायला, बिचारीला ऐकू येत नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीनं विचारलं, मावशीला लोणी आवडतं का, माझ्याकडे जास्तीचं आहे. भीती होती ती वासेलची. तो आता म्हातारा झाला होता, पण बापाच्या पाठीचे वळ विसरलेला नव्हता. हवेलीकडे पाठ करूनच तो अंगणात बसायचा. रशियन अधिकारी दुभाषा घेऊन घरोघर फिरत आला, तेव्हा त्यानं नेमकं वासेललाच विचारलं, की शेजारच्या घरात ती उंच म्हातारी कोण. इंगेल भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. ती सांगायची, त्या क्षणी माझ्या हातातली चादर मला दगडासारखी जड झाली.

वासेल थुंकला आणि म्हणाला, “इंगेलची मावशी आहे. ठार बहिरी. खाते मात्र फार.”

अधिकारी पुढच्या घराकडे गेला. वासेलनं नंतरही कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि प्रैलीशी बोलायचा तर प्रश्नच नव्हता.

मावशी होणं प्रैलीला सोपं गेलं नाही. तिचे हात पांढरे होते, म्हणून इंगेलनं तिला पहिले काही आठवडे बटाटे, राख आणि जाळ्यांचं डांबर याशिवाय कशाला हात लावू दिला नाही. आमच्या गावात सगळ्या बायका हातमोजे विणतात. प्रैलीनं विणलेल्या पहिल्या जोडीतला एक मोजा प्रीदूच्या हाताचा होता आणि दुसरा मुलाच्या. प्रीदू ते घालून समुद्रावर गेला. सगळ्यात अवघड होतं गप्प बसणं. कुणी चुकीचं बोललं की ते दुरुस्त करायची तिला जन्माची सवय. गावातल्या बायका तिच्यासमोर मुद्दाम काहीतरी उलटसुलट बोलायच्या आणि तिचा चेहरा लाल होताना बघायच्या. रात्रीचं जेवण झाल्यावर, दाराला कडी घातली, की ती दिवसभराचं सगळं दबक्या आवाजात बोलून घ्यायची.

वर्षभरानं जर्मन फौजा जवळ येऊ लागल्या तसं रशियनांनी बेटावरचे धडधाकट पुरुष गोळा करून नेले. प्रीदूही गेला. धक्क्यावर त्यानं इंगेलला सांगितलं, की होडीला तळाशी डांबर लावायचं राहिलंय, आदूकडून लावून घे. आदू म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा, तेव्हा अकराबारा वर्षांचा. प्रीदू परत आला नाही. रशियाच्या कुठल्या जंगलात लाकडं तोडताना पहिल्याच हिवाळ्यात तो भुकेनं गेला, हे त्याच्याबरोबरच्या एका माणसानं परत येऊन सांगितलं. पण ते फार नंतर. इंगेलला मात्र ते आधीच कळलं होतं म्हणे. त्या हिवाळ्यातल्या एका सकाळी ती उठली आणि परत आडवी झाली, आणि दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तेव्हा प्रैली, जिनं आयुष्यात कधी शेगडीत काडी घातली नव्हती, तिनं चूल पेटवायला घेतली. धुराड्याची झडप उघडायची राहिली, घरभर धूर झाला. आदूनं खिडक्या उघडल्या. मग ती धार काढायला गेली. गाईनं तिला लाथ मारली. ती लंगडत, भांड्याच्या तळाशी जेमतेम ओंजळभर दूध घेऊन आत आली आणि ते तिनं इंगेलच्या तोंडाशी धरलं. दुधात गवताच्या काड्या होत्या. इंगेल सांगायची, मी त्या काड्या पाहिल्या आणि मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते कितीतरी वेळ थांबेना. प्रैली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी इंगेल उठली आणि तिनं प्रैलीला धार काढायला शिकवलं. ती कधीच नीट शिकली नाही.

तोवर बेटावर जर्मन आले होते. आता हवेलीत प्रैलीच्याच भाषेत बोलणारे अधिकारी उतरले. इंगेलनं तिला सांगितलं, की हे तुझे लोक, तू आता वर जाऊन राहा, तुझ्या खोल्या तुला देतील, कॉफी देतील. प्रैली म्हणाली, वरच्या खोल्यांत थंडी फार असते. आणि ती बहिरीच राहिली. त्याचा गावाला फायदा असा झाला, की सैनिक तिच्यासमोर मोकळेपणानं बोलायचे. कुणाची गाय उद्या उचलायची ठरलीय हे तिला आज कळायचं, आणि सकाळी ती गाय जुनिपरच्या झुडपांत दूर कुठंतरी चरत असायची.

मग युद्ध उलटलं. शरद ऋतूत जर्मन मागे हटायला लागले. जाताना मागे काही ठेवायचं नाही असा त्यांना हुकूम होता. हाबसारवरून शेवटची नाव निघायच्या दिवशी दुपारी एक तरुण नाईक आणि त्याची माणसं रॉकेलचे डबे घेऊन गावात आली. त्या वर्षीचं धान्य कोठारात होतं, गवत रचलेलं होतं, सगळ्या घरांना गवताची छपरं. नाईकानं मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, की घराबाहेर पडा. बायका पोरांना, गाठोड्यांना घेऊन रस्त्यावर आल्या. एक सैनिक वासेलच्या कोठाराच्या दाराशी डबा उघडत होता.

तेवढ्यात इंगेलच्या अंगणातून तिची मुकी मावशी बाहेर आली आणि बोलली. एवढ्या वर्षांत बाहेर न पडलेला तो आवाज हवेलीच्या व्हरांड्यातून नोकरांना हाक मारताना असायचा तसाच होता, म्हातारी माणसं सांगतात. जर्मन गावात फारसं कुणाला कळत नव्हतं, पण नाईक टाचा जुळवून उभा राहिलेला सगळ्यांना दिसला. काय बोलणं झालं ते प्रैलीनं इंगेलला नंतर सांगितलं. पहिल्यांदा तिनं त्याला टोपी काढायला लावली. मग आईचं नाव विचारलं. मग तो काय करतोय हे त्याच्या तोंडून वदवून घेतलं. तो पोरगा म्हणाला, बाईसाहेब, माझा नाइलाज आहे. नावेवरून कप्तान बघतोय, बेटावर धूर दिसला नाही तर मला गोळी घालतील.

“धूरच हवाय ना?” प्रैली म्हणाली. “मग माझं घर जाळ. ते मोठं आहे, उंचावर आहे. त्याचा धूर लांबून दिसेल.”

त्यानं विचारलं, तुमचं घर कोणतं. तिनं झाडांकडे बोट दाखवलं.

ती माणसं डबे घेऊन हवेलीकडे गेली. अंधार पडायच्या आत छत पेटलं. गावातली सगळी माणसं माळावर उभी राहून बघत होती. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ते दगड ओढून आणले होते त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या शाळेत त्यांची पोरं शिकली होती. इंगेलनं खिडक्या मोजल्यासारखी एकेक खोली नजरेनं ओळखली, ही जेवणघराची, ही वाचनाची, ही प्रैलीची. त्या प्रत्येक खोलीतली शेगडी तिनं पेटवली होती. प्रैली ताठ उभी होती. मग वासेल घराकडे गेला, आपल्या अंगणातलं लाकडी स्टूल घेऊन आला आणि ते त्यानं तिच्या मागं ठेवलं. ती बसली. तो तिच्या शेजारी उभा राहिला, पहिल्यांदाच हवेलीकडे तोंड करून.

थोड्याच दिवसांत रशियन परत आले. चौकशी झाली, की हवेली जळली आणि गाव कसं वाचलं. जो तो म्हणाला, वारा पश्चिमेचा होता. मावशी पुन्हा मुकी झाली. आता गावातल्या तान्ह्या पोरांपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत होतं. पुढं एका मार्चमध्ये सामान्य शेतकऱ्यांनाही गाड्यांत भरभरून सैबेरियात नेलं, शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं नाव सांगितल्याचे प्रकार मोठ्या बेटावर झाले. हाबसारवर तेव्हाही वारा पश्चिमेचाच राहिला.

अशा घरात मी सून म्हणून आले. आदू मोठ्या बेटावर माझ्याबरोबर मासळी खारवायच्या कारखान्यात होता, तिथं आमचं जमलं. त्यानं सांगितलं होतं, घरी आई आहे आणि आईची एक मुकीबहिरी मावशी आहे. बस. गावात एकटी मीच अशी होते जिला यापेक्षा जास्त माहीत नव्हतं. इंगेल तेव्हा सामुदायिक शेताच्या गोठ्यात काम करायची. बोलायला तुटक. कौतुक तर माहीतच नाही. पावाची कणीक मला मळू द्यायची नाही, म्हणायची तुझे हात गरम आहेत, काळा पाव बिघडतो. मी घुसमटायचे. आदू दिवसभर समुद्रावर. मग मी मन मोकळं करायचे ते मावशीजवळ. ती बटाटे सोलत बसायची, मी तिच्यासमोर बसून सासूची सगळी गाऱ्हाणी मोठ्यानं सांगायचे, हिला काय ऐकू येतंय म्हणून. ती माझ्याकडे बघून मधूनमधून मान हलवायची. मला वाटायचं, किती समजूतदार चेहरा आहे बिचारीचा.

दुसऱ्या हिवाळ्यात मला मूल झालं आणि ते एक दिवसही जगलं नाही. मुलगी होती. आदूनं पेटी बनवली, आणि तिला पुरून आल्यावर घरात कुणीच त्याबद्दल बोललं नाही. इंगेलनं माझ्यासमोर सूपचा वाडगा ठेवला आणि कामाला गेली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. माझी खात्री झाली, की या बाईच्या छातीत दगड आहे. दुपारी मी पलंगावर पडले होते. मावशी आली, काठावर बसली. तिनं माझा हात हातात घेतला. मी तिला म्हटलं, तू तरी आहेस, त्या बाईला तर काहीच वाटत नाही.

“तुझी सासू आपल्या गोठ्यात रडतेय,” मावशी म्हणाली. “रोज याच वेळी रडते. तुझ्यासमोर तिला जमत नाही. तू जा तिच्याकडे.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आवाज म्हातारा होता, शब्द जरा चमत्कारिक हेल काढून आलेले. तिनं दाराकडे हात केला, जा म्हणून. मी उठले आणि नुसत्या मोज्यांवर बर्फातून गोठ्यापर्यंत गेले. इंगेल आमच्या गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले, आणि मला पहिलं सुचलं ते बोलले, “आई, मावशी बोलली.”

इंगेलनं बाहीनं नाक पुसलं. “बोलते ती. कधीकधी जास्तच बोलते.” मग माझ्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. तिनं मला स्टुलावर बसवलं, माझे ओले मोजे काढले आणि माझी पावलं आपल्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतली. तशा आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. गाय मधूनमधून वळून बघत होती. त्या दुपारी तिनं मला प्रैलीची सगळी हकीगत सांगितली. मी विचारलं, आई, एवढा जिवावरचा धोका का घेतलात. तुमचं काय देणं लागत होतं.

“तिला शेगडी पेटवता येत नव्हती,” ती म्हणाली. “एकटी ठेवली असती तर थंडीनं मेली असती.”

त्यानंतर कणीक मला मळायला मिळाली. आम्हाला पुढं दोन मुलगे झाले, आणि त्या दोघांना प्रैलीनं दाराला कडी घालून दबक्या आवाजात जर्मन पाढे शिकवले. शाळेत धाकटा एकदा चुकून सात साते जर्मनमध्ये म्हणाला. बाई आमच्याच गावच्या होत्या. त्यांनी त्याला पुन्हा नीट म्हणायला लावलं आणि पुढं गेल्या.

प्रैली गेली ती मे महिन्यात, पांढऱ्या फुलांच्या दिवसांत, खिडकीपाशी बसल्या बसल्या. इंगेलनं तिला स्वतः आंघोळ घातली, स्वतःचं लग्नातलं पोलकं घातलं. लोखंडी क्रॉसवर मादली असं नाव घातलं आणि खाली काही नाही. हवेलीच्या मालकांची दगडी कबर टेकाडावर वेगळी आहे, तिथं कुणी नेली नाही. वासेल आधीच गेला होता. त्याच्या बाजूची जागा मोकळी होती, तिथं तिला ठेवलं.

हवेलीच्या भिंतींचे दगड सामुदायिक शेताच्या गोठ्याला वापरले गेले. उरलेल्या जोत्यावर खाजऱ्या झुडपांची रानं माजली. इंगेल काम सोडल्यावरही आमच्या घरात सगळ्यांच्या आधी उठायची.

सोव्हिएत राज्य ढासळायला लागलं, त्या उन्हाळ्यात एक जर्मन गृहस्थ पत्नीला घेऊन बेटावर आले. प्रैलीच्या भावाचे नातू. नम्र माणूस, बरोबर दुभाषी मुलगी. आजोबांची हवेली बघायची होती. मी त्यांना पायऱ्या दाखवल्या, तेवढ्याच राहिल्यात. मग त्यांनी विचारलं, की आमची एक आत्याआजी इथून निघाली आणि पोचलीच नाही, समुद्रात बुडाली असं घरात मानतात, तिच्याबद्दल कुणाला काही माहीत असेल का. मी त्यांना इंगेलकडे आणलं. नव्वदीची झाली होती ती, खिडकीत बसून लोकर पिंजत होती.

दुभाषी मुलीनं प्रश्न सांगितला. इंगेलनं मान हलवली. म्हणाली, कोण प्रैली, मला नाही आठवत.

मी पाहुण्यांना काळा पाव, धुरावलेला मासा आणि घरची बियर दिली. ते गृहस्थ मन लावून जेवले, आणि जेवताना त्यांनी सुरी टेबलावर जरा तिरकी ठेवली, पात्याची धार आतल्या बाजूला. इंगेल त्या हाताकडे बघत होती. प्रैलीही तशीच ठेवायची, हे तिनं मला नंतर सांगितलं. जेवण झालं तशी ती काठी घेऊन उठली आणि म्हणाली, चला.

चर्चमागच्या मातीत, मादलीच्या क्रॉसपाशी ती त्यांना घेऊन गेली. दुभाषी मुलीला सांगितलं, यांना सांग, ही. ते गृहस्थ गुडघ्यांवर बसले. त्यांनी क्रॉसवरचं नाव वाचलं आणि वळून पाहिलं. मग इंगेलनं त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना मध्ये मध्ये तक्रारीही केल्या, की धार कधी नीट काढली नाही, साखर फार लागायची, आणि बहिरी असून सगळ्यांच्या बोलण्यात चुका काढायची. त्यांच्या पत्नी रडत होत्या आणि हसतही होत्या. त्या गृहस्थांनी विचारलं, तिला वर टेकाडावर आमच्या लोकांत हलवलं तर चालेल का. निदान खरं नाव तरी घालू.

“नाव घाला,” इंगेल म्हणाली. “पण हलवू नका. इथं तिची माणसं आहेत.”

आता तिथं दोन्ही नावं आहेत. इंगेल पुढच्या मार्चमध्ये गेली, माझ्या हातचा चहा अर्धा पिऊन. जमीन अजून गोठलेली होती, म्हणून गावातल्या माणसांनी आधी तिथं जाळ केला, माती मऊ केली आणि मग खणलं. वासेलचा नातू सगळ्यांत आधी फावडं घेऊन आला होता.